नर्सिंगचं कॉलेज निवडताना आधी वॉर्ड बघा (नागपूर आणि आसपासच्या मुलामुलींसाठी)

वैनगंगाकाठची | रविवार, रात्री ९.१०

बी.एस्सी. नर्सिंगचे पसंतीक्रम भरायचे दिवस आले की गावाकडून फोन सुरू होतात. "ताई, नागपुरात चांगलं कॉलेज कोणतं? आणि ब्रँच कोणती घेऊ?" दोन्ही प्रश्न घाईत उत्तर देण्यासारखे नाहीत, म्हणून हा धागा काढते आहे. मी मूळची पवनी तालुक्यातली. नागपुरात बी.एस्सी. नर्सिंग केलं, मग आयसीयूत नोकरी केली, आणि आता मानसिक आरोग्य परिचर्येत एम.एस्सी. करते आहे.

पहिल्या प्रश्नाबद्दल माझं ठाम मत आहे. नर्सिंगचं कॉलेज निवडताना तुम्ही हॉस्पिटल निवडत असता. अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक सगळीकडे तेच, आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पेपरही नाशिकहून सगळ्यांना तोच येतो. फरक पडतो तो वॉर्डात. धाप लागलेला पेशंट तुम्ही किती वेळा जवळून पाहिला, ऑपरेशननंतर ड्रेनमध्ये (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत) काय आणि किती आलं हे किती वेळा स्वतः मोजून लिहिलं, बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवल्यावर गर्भाशय आकसलं आहे की सैल आहे हे बोटांना कळतं का, यात पुढची तुमची सगळी नोकरी आहे. चार वर्षांतला फार मोठा वेळ पोस्टिंगमध्ये, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकण्यात, जातो आणि शेवटचं सेमिस्टर तर इंटर्नशिपचंच असतं.

माझी एक मैत्रीण बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात गेली. इमारत नवी, लॅबमध्ये मॅनिकिन (सरावाचे पुतळे) चकाचक, बस, युनिफॉर्म सगळं छान. पण हॉस्पिटलमध्ये पेशंट नव्हते. एका सलाइनभोवती सगळी बॅच उभी राहायची. प्रोसिजर बुकात सह्या मात्र पूर्ण झाल्या. पहिल्या नोकरीत तिला रात्रपाळीला एकटीने वॉर्ड सांभाळायची वेळ आली तेव्हा तिचे जे हाल झाले ते तिने मला फोनवर रडत सांगितले. मुलगी हुशार होती, कष्टाळू होती. तिला शिकायला पेशंटच मिळाले नव्हते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे बी.एस्सी. नर्सिंग चालवणाऱ्या संस्थेचं स्वतःचं किमान १०० खाटांचं हॉस्पिटल हवं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट हवेत. कागदावर हे सगळ्यांचंच पूर्ण असतं. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसून माहितीपत्रक वाचण्याआधी ओपीडीत जाऊन बसा. सोमवारी सकाळी जा. केसपेपरच्या खिडकीवर रांग आहे का बघा. जमलं तर भेटीच्या वेळेत मेडिसिन आणि सर्जरीच्या वॉर्डात एक चक्कर मारा आणि किती खाटा भरलेल्या आहेत ते बघा. मग गेटबाहेर चहाच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाच्या मुली भेटतील, त्यांना विचारा: सध्या पोस्टिंग कुठे आहे? वॉर्डात तुमच्यासोबत ट्यूटर असतात की सोडून निघून जातात? तुम्ही स्वतः किती डिलिव्हरी केल्या? नाइट ड्युटीला ने-आण कोण करतं? या चार प्रश्नांची उत्तरं मुली अगदी खरी देतात.

आता ब्रँच. बी.एस्सी.ला ब्रँच नसते. "आयसीयू नर्सिंगमध्ये बी.एस्सी." असं कोणी सांगत असेल तर जरा थांबा. चार वर्षांत सगळ्यांना सगळं शिकावं लागतं: मेडिकल-सर्जिकल (आता त्याला अ‍ॅडल्ट हेल्थ म्हणतात), बालरोग, मानसिक आरोग्य, प्रसूती, समुदाय. स्पेशलायझेशन एम.एस्सी.ला, आणि तिथेही याच पाचांपैकी एक. शिवाय नर्सिंग झाल्यावर करायचे परिषदेचे एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेत: क्रिटिकल केअर, ऑन्कॉलॉजी, नवजात शिशू, ऑपरेशन रूम वगैरे. म्हणजे बारावीनंतर लगेच ब्रँचची काळजी करायची गरजच नाही. मात्र ज्या कॉलेजची पोस्टिंग पाचही ठिकाणी नीट होतात तेच निवडा, नाहीतर स्वतःला काय आवडतं हे कळायचं राहूनच जातं.

माझं तसंच झालं असतं. मला आयसीयूच करायचं होतं, दुसरं काही डोक्यात नव्हतं. तिसऱ्या वर्षी प्रादेशिक मनोरुग्णालयात पोस्टिंग लागलं. राज्यात अशी चारच सरकारी मनोरुग्णालयं आहेत, ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि आपलं नागपूर, त्यामुळे इथल्या मुलींना घरबसल्या ही संधी मिळते. तिथे 'प्रोसेस रेकॉर्डिंग' नावाचं काम असतं: पेशंटशी झालेलं बोलणं शब्दशः लिहायचं, पेशंट काय म्हणाला, मी काय म्हणाले, तेव्हा माझ्या मनात काय आलं. मला दिलेली बाई फार कमी बोलायची. मी माझे प्रश्न भराभर लिहून वही दाखवली. मॅडम म्हणाल्या, "ती गप्प बसली तेव्हा तिचे हात काय करत होते? ते लिही." त्या दिवसापासून मी बघायला लागले. नोकरी आयसीयूत केली, व्हेंटिलेटरवरचे पेशंट सांभाळले, ते कामही मला मनापासून आवडलं. पण एम.एस्सी.चा फॉर्म भरताना कोणता विषय लिहायचा याचा विचार करावा लागला नाही.

विचारा काय विचारायचं ते. माहीत असेल ते सगळं सांगेन.

सावनेरची आई | रविवार, रात्री १०.०२

ताई, तुम्ही देवासारख्या भेटल्या. माझी मुलगी यंदा बारावी झाली, सीईटी दिली. रोज एक माणूस फोन करून राहिला की "मॅनेजमेंटमधून सीट पक्की करून देतो, आत्ताच पैसे भरा, नंतर मिळणार नाही." मिस्टर म्हणतात भरून टाकू, पोरीचं वर्ष नको वाया जायला. दुसरं म्हणजे नातेवाईक सांगून राहिले की बी.एस्सी. काहून करता, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करा, एक वर्ष वाचते. आणि आम्ही ओबीसीत आहो, उत्पन्न फार नाही. काय करावं?

वैनगंगाकाठची | रविवार, रात्री १०.४०

काकू, पैसे अजिबात भरू नका. कारण नीट सांगते, ते काकांनाही वाचून दाखवा.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झालं आहे. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस, ज्यांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे त्यांना. पण अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे सीईटी सेलच्या फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर सवलत गेली. खाजगी अभिमत (स्वतःच पदवी देणाऱ्या) विद्यापीठांनाही ती लागू नाही. म्हणजे तो माणूस आज तुमच्याकडून पैसे घेईल आणि वर पुढची चार वर्षं पूर्ण फी भरायला लावेल.

खाजगी विनाअनुदानित कॉलेजची फी कॉलेज मनाने ठरवत नाही, शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, आणि प्रत्येक कॉलेजची मंजूर फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. तो आकडा कागदावर लिहून घ्या आणि मगच कॉलेजात जा. त्याहून जास्त मागितले तर ते डोनेशन झालं, आणि ते १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, बस यांचा खर्च धरून चला. महाडीबीटीवर वसतिगृह निर्वाह भत्त्याच्याही योजना आहेत, प्रवेश झाल्याबरोबर अर्ज करा.

नॉन-क्रीमी लेयर, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, हे तयार आहे ना? जात वैधतेचा अर्ज केला नसेल तर उद्याच करा. यात उशीर झाल्यामुळे चांगले मार्क असलेल्या मुलींच्या सीटा गेलेल्या मी बघितल्या आहेत.

जीएनएमबद्दल इथे दुसरं कोणी अनुभवी बोललं तर जास्त बरं.

निवृत्त परिसेविका | सोमवार, सकाळी ६.३०

मी बोलते. माझं स्वतःचं शिक्षण जीएनएम. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून लागले आणि परिसेविका (वॉर्डची प्रमुख सिस्टर) म्हणून निवृत्त झाले. जीएनएमवाल्या कमी असतात हे मी कोणाला म्हणू देणार नाही. वॉर्डात उभं राहिल्यावर हातात किती येतं तेच खरं. सरकारी अधिपरिचारिकेच्या भरतीला दोघींनाही अर्ज करता येतो.

तरी सावनेरच्या बाईंना सांगते, मुलगी सायन्सची आहे, बी.एस्सी. मिळत असेल तर बी.एस्सी.च करा. जीएनएम तीन वर्षांचं, नंतर डिग्री हवी वाटली की पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची आणखी दोन वर्षं. बी.एस्सी. थेट चार वर्षांत होतं. जीएनएम कोणासाठी? जिचं बारावी आर्ट्स किंवा कॉमर्समधून झालं तिच्यासाठी तो दरवाजा उघडा आहे, आणि चांगला दरवाजा आहे. माझ्या हाताखाली आर्ट्समधून आलेल्या मुली होत्या, त्यांच्यासारख्या नर्सेस मी कमी पाहिल्या.

वैनगंगाकाठची, तुझं लिहिणं चांगलं आहे, पण एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. पेशंट जास्त म्हणजे शिक्षण जास्त, असं सरसकट होत नाही. आमच्याकडे वॉर्डात इतकी गर्दी असायची की विद्यार्थिनी आली की स्टाफ तिला कामाला लावायचा. सॅम्पल लॅबला पोचव, एक्स-रे आण, पेशंट ट्रॉलीवरून सोनोग्राफीला ने. सकाळ संपली, मुलगी घामाघूम, आणि शिकली काय? मी माझ्या वॉर्डात नियम केला होता, विद्यार्थिनीला तीन पेशंट द्यायचे आणि त्या तिघांचं सगळं तिनेच बघायचं: औषधं, इनटेक-आउटपुट, अंथरूण, नातेवाइकांना सांगणं, चार्टवर लिहिणं. पण सगळ्या वॉर्डांत हे होत नाही. एखादं मध्यम आकाराचं मिशनचं किंवा ट्रस्टचं हॉस्पिटल, जिथे जुन्या जाणत्या सिस्टर आहेत, तिथे मुलगी जास्त शिकू शकते.

आणि नातेवाईक नर्सिंगला नावं ठेवत असतील तर त्यांना एवढंच सांगा की याच नागपुरात १९२१ मध्ये कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघ सुरू केला. कमलाताई तरुणपणी विधवा झालेल्या, नर्सिंगचं शिक्षण घेऊन उभ्या राहिलेल्या बाई. बाळंतपणासाठी घराबाहेर जाणं बायकांना अवघड होतं तो काळ. १९६१ ला त्यांना पद्मश्री मिळाली. विदर्भातल्या कितीतरी घरांमधली माणसं त्यांच्या संस्थेत जन्मली आहेत, नावं ठेवणाऱ्यांच्या घरचीही असतील.

वैनगंगाकाठची | सोमवार, सकाळी ८.१५

सिस्टर, मानलं. गर्दी आणि शिकवणारं माणूस, दोन्ही हवं. "ट्यूटर सोबत असतात का" हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं प्रमाण निकषात आहे. ते वर्गात किती पाळलं जातं यापेक्षा वॉर्डात किती पाळलं जातं ते बघावं.

तरीही नागपूरचा एक फायदा सोडू नये असं मला वाटतं. इथे जे दिसतं ते फार कमी शहरांत दिसतं. मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) हजारावर खाटा आणि ट्रॉमा सेंटर, मध्य प्रदेशातून, छत्तीसगडमधून पेशंट येतात. सेंट्रल अव्हेन्यूवर मेयो हे दुसरं सरकारी रुग्णालय. डागा स्त्री रुग्णालयात डिलिव्हरीचा अनुभव मिळतो तसा खाजगीत मिळत नाही. मानेवाड्याकडे तुकडोजी कॅन्सर रुग्णालय. एप्रिल-मेमध्ये उष्माघाताचे शीत कक्ष सुरू होतात, पावसाळ्यात सर्पदंश, फवारणीच्या दिवसांत कीटकनाशकाची विषबाधा. अ‍ॅट्रोपिन हे विषबाधेवरचं औषध सुरू असलेल्या पेशंटच्या डोळ्यांच्या बाहुल्या किती वेळाने बघायच्या, तोंडातली लाळ आणि छातीतला खरखराट कमी होतोय का हे कसं ओळखायचं, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण समजलं ते एका रात्रपाळीत अशाच एका सिस्टरसोबत उभं राहून.

खाजगीत बघायचं तर हिंगण्याकडे डिगडोहचं लता मंगेशकर हॉस्पिटल, वर्ध्याला सावंगी (ते अभिमत विद्यापीठात, प्रवेश आणि फी वेगळी), सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय. सेवाग्रामला ग्रामीण कामाची खरी सवय लागते. यातलं कोणतं वर कोणतं खाली हे मी लिहिणार नाही, कारण शिक्षक बदलतात तसं कॉलेज बदलतं. स्वतः जाऊन बघा.

धानोरा | सोमवार, दुपारी १.३०

नमस्कार ताई. मी गडचिरोली जिल्ह्यातला, आश्रमशाळेत शिकलो, बारावी सायन्स ५८ टक्के, एसटी. मला नर्सिंग करायचं आहे पण मित्र म्हणतात हे मुलींचं काम आहे, पोरांना नोकरी लागत नाही. आमच्या गावात नर्सबाई येतात त्यांच्यामुळे मला हे काम माहीत झालं. मुलांना प्रवेश मिळतो का? आणि आयसीयूपेक्षा मला गावात काम करायची आवड आहे, त्यासाठी कोणता विषय?

रात्रपाळीचा भाऊ | सोमवार, दुपारी ३.१०

भाऊ, मी ब्रदर आहे, आयसीयूत काम करतो. मित्रांचं ऐकू नको. प्रवेश मिळतो. फक्त काही कॉलेजं निव्वळ मुलींसाठी आहेत, पसंतीक्रम भरायच्या आधी माहितीपुस्तिकेत तेवढं बघून घे, आणि मुलांचं हॉस्टेल आहे का हे फोन करून विचार. बऱ्याच ठिकाणी मुलींचं असतं, मुलांचं नसतं, मग बाहेर खोली करावी लागते आणि सकाळच्या ड्युटीला पोचायचे वांधे होतात.

नोकरीचं खरं चित्र सांगतो. एम्सच्या नॉरसेट परीक्षेत (नर्सिंग ऑफिसरच्या भरतीची परीक्षा) ८० टक्के जागा महिलांसाठी आणि २० टक्के पुरुषांसाठी असतात. म्हणजे आपल्याला स्पर्धा जास्त. पण लागलास तर नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० पासून, लेव्हल ७. बी.एस्सी. झाल्या झाल्या ही परीक्षा देता येते; जीएनएमवाल्याला किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलमधला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून तू बी.एस्सी.च कर. आयसीयू, ट्रॉमा, ऑपरेशन थिएटर, मनोरुग्णालय, डायलिसिस, इथे ब्रदर लागतातच. सुरुवातीचा खाजगी पगार कमी असतो, तो काळ निभवायची मनाची तयारी ठेव.

लेबर रूमच्या पोस्टिंगला काही ठिकाणी मुलांना दारातच थांबवतात. थांबू नको, मॅडमना सांगून, पेशंटची परवानगी घेऊन शिक. तुला गावात काम करायचं आहे म्हणतोस, तिथे हे आलंच पाहिजे.

शिकवणारी | सोमवार, संध्याकाळी ७.२०

मी कम्युनिटी हेल्थ नर्सिंग शिकवते. धानोरा, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण बहुतेक मुलं आमच्या विषयाकडे 'ज्याला काही मिळालं नाही त्याचा विषय' म्हणून बघतात, आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो.

तुझ्या भागातलंच उदाहरण घे. सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. पूर्व विदर्भातल्या आदिवासी आणि इतरही काही समाजांत याचं प्रमाण मोठं आहे. मूल सारखं तापतं, हातपाय दुखतात, डोळे पिवळे होतात, आणि घरचे ते अंगावर काढतात. २०२३ पासून देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू आहे, पण अभियान घरापर्यंत नेणारी माणसं कोण? नर्स. शाळेत सोल्युबिलिटी टेस्ट (रक्ताची प्राथमिक चाचणी), ती पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी, वाहक कोण आणि रुग्ण कोण हे आईबापाला समजेल असं सांगणं, हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असलेल्या मुलाचं रक्त वेळोवेळी तपासलं जातंय का बघणं, लग्नाआधी समुपदेशन. हे सगळं गोंडीत किंवा माडियात सांगता येणारा नर्स मिळाला तर तो किती उपयोगाचा आहे याचा विचार कर. तुझी भाषा ही तुझी मोठी पात्रता आहे. गडचिरोलीतच शोधग्रामला (डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेत) घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत उभी राहिली आणि ती पुढे देशाने उचलली.

नोकरीच्या बाजूनेही सांगते. उपकेंद्रांचं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालं आहे आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आहे, बी.एस्सी. नर्सिंगवाले त्याला पात्र असतात. ती नेमणूक कंत्राटी असते, हेही माहीत असू दे. त्या पदाला लागणारा सामुदायिक आरोग्याचा सर्टिफिकेट भाग आताच्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात धरलेला आहे का, हे कॉलेजला विचारून घे. एम.एस्सी.ला कम्युनिटी हेल्थ घेता येईल.

तुझे ५८ टक्के पुरेसे आहेत. खुल्या गटाला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के लागतात, सोबत इंग्रजी पास. कॉलेजची ग्रामीण पोस्टिंग नेमकी कुठे होते हे जरूर विचार. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मुक्कामी राहून काम करवून घेणारं कॉलेज आणि बसने नेऊन फोटो काढून परत आणणारं कॉलेज, दोन्ही आहेत.

पालकांसाठी एक सूचना. सहा महिन्यांचे, वर्षाचे 'नर्सिंग कोर्स' म्हणून जे बोर्ड गल्लोगल्ली दिसतात, ते केल्याने महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नर्स म्हणून नोंदणी होत नाही. त्यातून पेशंट सांभाळायची कामं मिळतात, पण ती मुलगी नर्स होत नाही. एएनएम (सहायक परिचारिका), जीएनएम आणि बी.एस्सी., नोंदणीकडे जाणारे रस्ते हेच. कॉलेजला परिचर्या परिषदेची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता चालू वर्षाची आहे का, हे त्यांच्या भिंतीवरच्या फ्रेममध्ये बघू नका, परिषदेच्या यादीत बघा.

मानेवाडा रोड | सोमवार, रात्री ९.००

जर्मनीला जायचं असेल तर कोणतं कॉलेज? आमच्या पोरीचं तेच चाललं आहे.

वैनगंगाकाठची | सोमवार, रात्री ९.३५

त्यासाठी वेगळं कॉलेज नसतं. डिग्री, परिषदेची नोंदणी, अनुभव आणि जर्मन भाषा, साधारण बी-२ पातळीची. अमेरिकेला एनसीलेक्स ही नर्सिंगची परवाना परीक्षा, इंग्लंड-आयर्लंडकडे आयईएलटीएस किंवा ओईटी या इंग्रजीच्या परीक्षा. भाषा बी.एस्सी. करतानाच हळूहळू सुरू करता येते. पण चार वर्षं वॉर्डकडे दुर्लक्ष करून फक्त भाषा शिकू नका. तिकडेही मुलाखतीत आधी कामच विचारतात.

सावनेरची आई | शनिवार, संध्याकाळी ६.४५

सगळ्यांचे आभार. आम्ही जाऊन आलो. नावं लिहीत नाही.

पहिल्या ठिकाणी ऑफिसातल्या मॅडम फार गोड बोलल्या, लॅब दाखवली, हॉस्टेल दाखवलं. मी म्हटलं वॉर्ड बघू द्या, तर म्हणाल्या आज राउंड सुरू आहे. आम्ही ओपीडीत बसून राहिलो. अकरा वाजेपर्यंत मोजके पेशंट. मुलगीच म्हणाली, आई चल.

दुसऱ्या ठिकाणी उलट. इमारत जुनी, पंखे आवाज करून राहिले होते, पण माणसंच माणसं. जिन्यात तिसऱ्या वर्षाच्या दोघी भेटल्या. त्यांना ताईंनी सांगितलेले प्रश्न विचारले. एक म्हणाली, "काकू, ट्यूटर मॅडम सोबत असतात, सकाळी बेडजवळ उभं करून विचारतात, नाही आलं तर संध्याकाळी परत विचारतात." मुलीने विचारलं, भीती वाटते का? ती म्हणाली, पहिले काही दिवस वाटते, नंतर पेशंटच नाव घेऊन हाका मारायला लागतात. नाइटला कॉलेजची गाडी आहे आणि सोबत वॉर्डन. मिस्टरांनी त्या गाडीवाल्यालाही जाऊन विचारलं.

मग आम्ही पसंतीक्रमात सरकारी वर, हे दुसरं त्याखाली टाकलं आणि आधी जे एक नंबरला होतं ते यादीतूनच काढलं. त्या एजंटला मिस्टरांनी नाही म्हणून सांगितलं. जात वैधतेचा अर्ज झाला, पावती मिळाली. आता एक विचारते, कॉलेज सुरू व्हायच्या आधी मुलीने काय तयारी करावी? ती म्हणून राहिली की अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक आत्ताच घेऊ.

निवृत्त परिसेविका | शनिवार, रात्री ८.१०

तुमच्या मिस्टरांनी गाडीवाल्याला विचारलं हे फार चांगलं केलं.

पुस्तक राहू द्या, कॉलेज सांगेल ते घ्या, सीनियरकडून जुनंही मिळतं. इंग्रजीचा सराव करा, पहिल्या सेमिस्टरला मराठी माध्यमाच्या मुली तिथेच घाबरतात आणि दिवाळीनंतर सावरतात. रोज एक पान मोठ्याने वाचायला लावा. घरात कोणी आजारी असेल तर तिच्याकडून काळजी घेऊन घ्या. पांढरे बूट घेताना अर्धा नंबर मोठे घ्या, संध्याकाळपर्यंत पाय सुजतात.

वैनगंगाकाठची | शनिवार, रात्री ८.५०

काकू, ऐकून किती आनंद झाला! सिस्टरांनी सांगितलं त्यात एकच भर घालते. हेपॅटायटिस-बीची लस या आठवड्यातच सुरू करा. तीन डोस असतात: आज पहिला, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. पोस्टिंग सुरू झाल्यावर सुई टोचण्याचा धोका पहिल्याच वर्षापासून असतो, आणि पुष्कळ मुली लस न घेताच वॉर्डात येतात. लहानपणी घेतली असेल तर ते कार्ड शोधून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवून अँटी-एचबीएस तपासणी (लसीचं संरक्षण आहे का ते दाखवणारी रक्तचाचणी) करायची का ते विचारा. लसीचं कार्ड मूळ कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा, मेडिकल फिटनेसच्या वेळी कामी येतं.

धानोरा, तुझा पसंतीक्रम भरून झाला का? मुलांच्या हॉस्टेलचं काय कळलं ते इथे लिही. मी सोमवारी दोन ठिकाणी जाणार आहे, तिथे विचारून घेते.

धानोरा | शनिवार, रात्री १०.२०

भरला ताई. हॉस्टेल एका ठिकाणी आहे म्हणाले, एका ठिकाणी नाही. आदिवासी विकास विभागाच्या नागपूरच्या वसतिगृहासाठीही अर्ज करायचा आहे, त्याला काय काय कागद लागतात ते शिकवणारी मॅडम किंवा कोणाला माहीत असेल तर सांगा. लसीचं मी उद्या आमच्या नर्सबाईंना विचारतो.